सासऱ्यांची १९६५ ची लिंकन कॉन्टिनेन्टल दान करायची आहे - माहिती हवी

ओवी
नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून जवळ राहतो. माझे सासरे गेल्या वर्षी गेले. १९६८ साली ते सांगलीहून इकडे शिकायला आले आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांच्या कारखान्यांतच इंजिनिअर होते. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६५ ची लिंकन कॉन्टिनेन्टल आहे. काळी, चार दारांची सेडान, मागची दारं उलटी उघडणारी. ऐंशीच्या दशकात त्यांनी ती जुनीच घेतली आणि हात फिरवून फिरवून चांगली ठेवली. आजारपण सुरू झाल्यापासून मात्र ती जागची हललेली नाही.

सासूबाई आता घर विकून आमच्याकडे राहायला येणार आहेत. शेवटचे काही महिने ज्या हॉस्पिसने (अखेरच्या आजारात सेवा देणारी संस्था) बाबांची काळजी घेतली, त्यांना या गाडीचा उपयोग व्हावा अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. हॉस्पिसच्या संकेतस्थळावर 'गाडी दान करा' असं पान आहे. फोन करायचा, ते येऊन फुकट टो करून नेतात आणि करासाठी पावती पाठवतात.

नवऱ्याचं म्हणणं, फोन करून टाकू. मला आतून पटत नाहीये, पण नक्की काय खटकतंय तेही सांगता येत नाही. कुणी अशी जुनी, नावाजलेली गाडी दान केली आहे का? करात किती सूट मिळते? आणि मुख्य म्हणजे हॉस्पिसच्या हातात खरंच किती पडतं?

एडिसनकर
ओवीताई, तुमच्या सासऱ्यांना श्रद्धांजली. मी दोन गाड्या अशाच दिल्या आहेत. फोन केला, माणूस आला, टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही केली, गाडी गेली. महिन्याभरात पत्र आलं. कटकट शून्य. जुन्या गाडीच्या मागे लागलात तर गिऱ्हाईकं रविवारी सकाळी दारात उभी राहतात. सासूबाईंच्या वयाला हा त्रास कशाला? देऊन टाका.

ठाकठोक
एडिसनकर, तुमच्या गाड्या कोणत्या होत्या? दहा-पंधरा वर्षं वापरलेली ॲकॉर्ड असेल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण ही ६५ ची कॉन्टिनेन्टल आहे. ओवी, कृपा करून आत्ता फोन करू नका.

मी नोव्हायला राहतो आणि जुन्या अमेरिकन गाड्या दुरुस्त करणं हा माझा छंद आहे. तुमची गाडी जिथे बनली तो विक्समचा कारखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. १९५७ ला सुरू झाला, २००७ ला बंद पडला. १९६१ ला एल्वुड एंगल यांनी आखलेली ही कॉन्टिनेन्टल आली तेव्हा अमेरिकेतल्या आलिशान गाड्यांची चालच बदलली. तोवर कॅडिलॅकचे मोठमोठे पंख आणि पोतंभर क्रोम चालायचं. यांनी सरळ, सपाट, शांत रेषा काढल्या. मुळात हा आराखडा फोर्डच्या थंडरबर्ड गाडीसाठी होता. फोर्डचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा यांनी तो पाहिला आणि याची चार दारांची लिंकन करा म्हणाले. केनेडींवर गोळीबार झाला ती मोटारही याच पिढीतली, ६१ ची. आज ती डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

तुमच्या ६५ मध्ये ४३० घनइंची, म्हणजे सात लिटरचं व्ही-८ इंजिन आहे आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. ते लिंकनमध्ये त्या वर्षी पहिल्यांदा आले, म्हणून चालवणारे लोक ६५ मुद्दाम शोधतात.

आता फोन केल्यावर काय होतं ते सांगतो. हॉस्पिस स्वतः गाडी नेत नाही. मधली एक कंपनी असते. ती गाडी बहुतेक वेळा वापरलेल्या गाड्यांच्या घाऊक लिलावात उभी करते. तिथले खरेदीदार डीलर असतात आणि त्यांना मिनिटा-दोन मिनिटांत चालू कोरोला हवी असते. बंद पडलेली ६५ ची लिंकन तिथे आली तर तिच्यावर बोली लावायला जाणकार माणूस हजर असेलच असं नाही. गाडी कवडीमोलाने जाते, मग कुणीतरी ती धुऊनपुसून जाणकारांच्या बाजारात योग्य भावाला विकतो. मधला सगळा फरक त्याच्या खिशात. तुमच्या मनात खटकतंय ते हेच असावं.

आणखी एक. या गाडीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि अंग एकच आहे. वजन सव्वादोन टनांच्या घरात. टोवाल्याने कुठेही हूक अडकवून ओढली तर खालून वाकेल. हलवायची झाली तर सपाट पाटाच्या ट्रकवरूनच.

गाडी किती दिवस उभी आहे? खाली तेल सांडलंय का? कागदपत्रं काय आहेत?

ओवी
ठाकठोक, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. गाडी तीनेक वर्षं उभी असेल. पुढच्या बाजूला खाली लालसर तेलाचा डाग आहे. गंज वरून तरी दिसत नाही, आतलं चामडं ड्रायव्हरच्या बाजूला फाटलंय. दोन किल्ल्या आहेत.

आणि बाबांच्या वह्या आहेत. सगळ्या मराठीत. प्रत्येक दुरुस्ती, कुठला पार्ट कुठून मागवला, किती पैसे, मैल किती झाले. एका पानावर लिहिलंय, 'मागचे डावे दार लागताना खडखडते, बिजागरीत ग्रीस भरले, आता ठीक.' पुढच्याच ओळीत, 'नाही. पुन्हा खडखडते.' वह्यांसोबत पावत्यांचा बूट ठेवायचा खोका आहे.

ठाकठोक
तो खोका गाडीपेक्षाही जपा. अशा गाडीची किंमत निम्मी कागदांवर ठरते. वह्यांची पानं स्कॅन करा, महत्त्वाच्या नोंदींचा इंग्रजी गोषवारा एका कागदावर करा.

लाल तेल पॉवर स्टिअरिंगचं किंवा गिअरबॉक्सचं असेल. या लिंकनमध्ये वायपरसुद्धा पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतात. वायपरला वेगळी विजेची मोटर नाही. त्या नळ्या वर डॅशबोर्डच्या मागून जातात आणि म्हातारपणी गळतात. नळ्यांवर भागत असेल तर दुरुस्ती होण्यासारखी आहे, घाबरू नका. फक्त एक करा, कुणालाही ती 'चालू करून बघू' देऊ नका. तीन वर्षांचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल टाकीत आहे, ते आधी काढावं लागेल.

जमाखर्च
कराचा मुद्दा मी घेतो. मी न्यू जर्सीत लोकांची विवरणपत्रं भरतो, हा माझा रोजचा विषय आहे.

२००४ पर्यंत लोक गाडी द्यायचे आणि जुन्या गाड्यांच्या दरपुस्तकातली किंमत वजावट म्हणून लावायचे. संस्थेला दोनशे डॉलर मिळायचे आणि दात्याच्या विवरणपत्रात चार हजार दिसायचे. अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) २००४ च्या कायद्याने हे बंद केलं. २००५ पासून नियम असा आहे: तुम्ही पाचशे डॉलरच्या वरची वजावट मागत असाल आणि संस्थेने गाडी तशीच विकली, तर ती जितक्याला विकली गेली तितकीच वजावट. तुमच्या गाडीचं बाजारमूल्य काहीही असो. लिलावात लिंकन १,८०० ला गेली तर वजावट १,८०० ची. विक्री पाचशे किंवा त्याहून कमीत झाली तर बाजारमूल्य आणि पाचशे यांतलं जे कमी ते.

संस्थेने विक्रीनंतर ३० दिवसांत फॉर्म १०९८-सी (दान केलेल्या गाडीचा दाखला) द्यायचा असतो. तो विवरणपत्राला जोडला नाही तर पाचशेच्या वरची वजावट नाकारतात. 'आभारी आहोत' असं छापील पत्र पुरत नाही.

पूर्ण बाजारमूल्य मिळतं ते तीन प्रसंगांत. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर भरपूर वापरली, किंवा तिच्यात मोठी सुधारणा केली (धुणं, रंगाचा हात मारणं यात येत नाही), किंवा एखाद्या गरजू माणसाला फुकट वा अगदी कमी किमतीत दिली. हॉस्पिसच्या बाबतीत यातलं काहीच होणार नाही. आणि वजावट पाचशेच्या वर असेल तर फॉर्म ८२८३ भरावा लागतो. बाजारमूल्याने पाच हजारांच्या वर मागत असाल तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवालही लागतो, तोही दान देण्याच्या ६० दिवसांहून आधी केलेला चालत नाही.

आता यातलं सर्वांत महत्त्वाचं. हे सगळं खर्च एकेक मांडून वजावट घेणाऱ्यांसाठी आहे. ओवीताई, सासूबाई २०२६ चं विवरणपत्र एकट्या म्हणून भरतील. त्यांना प्रमाणित वजावट (खर्च न मांडता सरसकट मिळणारी) १६,१०० डॉलर, वर वयाची ६५ ओलांडल्याची जादा. घराचं कर्ज फिटलेलं असेल तर त्यांच्या मांडलेल्या खर्चांची बेरीज एवढ्या वर जाणारच नाही. तसं असेल तर १,८०० च्या पावतीचा त्यांना एका डॉलरचाही फायदा नाही.

चाफा
जमाखर्च, छान समजावलंत. पण कर बाजूला ठेवून एक विचारते. त्यांचा मूळ प्रश्न हॉस्पिसला किती मिळतं हा होता. दात्याची वजावट गाडीच्या पूर्ण विक्रीच्या रकमेवर ठरते, संस्थेला मिळते ती टोइंग, लिलाव आणि मधल्या कंपनीचा वाटा वजा जाऊन. म्हणजे १,८०० तले निम्मे जरी मधे गेले तरी आपल्या कागदावर १,८०० च दिसतात आणि आपल्याला कळतही नाही. हॉस्पिसच्या निधी विभागाला थेट विचारा, तुमच्या हातात टक्के किती येतात? सांगण्यात त्यांना अडचण नसावी.

आणि गरजूंना गाडी देणाऱ्या संस्थांबद्दल: आम्ही आमची जुनी कॅमरी अशाच एका संस्थेला दिली. त्यांनी ती दुरुस्त करून रात्रपाळीला जाणाऱ्या एका आईला दिली. साध्या, चालत्या गाडीसाठी यासारखा मार्ग नाही. पण सात लिटरच्या इंजिनात पेट्रोल भरणं कुठल्याच गरजू माणसाला परवडणार नाही. लिंकन तिकडे नको.

एडिसनकर
मान्य, माझ्या गाड्या साध्या होत्या. तरीही माझा मुद्दा सोडत नाही. नवरा जाऊन वर्ष झालं आहे, घर आवरायचं आहे. त्यात लिलाव, फोटो, गिऱ्हाईकं. माझ्या बहिणीच्या घरी हेच झालं, एका जुन्या गाडीपायी घराची विक्री लांबली आणि भावंडांत बोलाचाली झाली. प्रत्येक डॉलर वाचवणं हेच एक ध्येय नसतं. सासूबाईंना काय झेपतं ते आधी विचारा, मग बाकीचं.

चाफा
हे अगदी खरं. फक्त झेपणारं काम त्यांनीच करायला हवं असं नाही. मुलगा-सून आहेत की.

मुक्काम_शिकागो
संग्रहालयाचा विचार केलात का? कालामाझूजवळ हिकरी कॉर्नर्सला गिलमोर कार म्युझियम आहे, तुमच्यापासून अडीचेक तासांवर. त्याच्या आवारात लिंकनचं स्वतंत्र संग्रहालय आहे, २०१४ ला उघडलेलं. इमारत १९२० च्या दशकातल्या लिंकन विक्रेत्याच्या दालनासारखी बांधली आहे. हेन्री लेलंड यांनी आधी कॅडिलॅक उभी केली, मग लिंकन काढली आणि १९२२ मध्ये ती हेन्री फोर्डकडे गेली, हा सगळा इतिहास तिथे गाड्यांसमोर उभं राहून कळतो. मुलांना घेऊन जाच, गाडी द्या न द्या.

पण संग्रहालयाला देताना डोळे उघडे ठेवावेत. त्यांच्याकडे त्या सालची गाडी आधीच असेल तर ते नाही म्हणतात, किंवा घेतात पण पुढे विकण्याची मुभा ठेवून. 'कायम प्रदर्शनात ठेवा' अशी अट घातलेली भेट सहसा कुणी स्वीकारत नाही, कारण जागा, विमा, देखभाल हा खर्च कायमचा असतो. दानपत्रावर सही करण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

दुसरा पर्याय मला स्वतःला जास्त आवडतो. कॅन्ससमध्ये मॅकफर्सन कॉलेज म्हणून छोटं कॉलेज आहे. तिथे जुन्या मोटारी पूर्ववत करण्याची चार वर्षांची पदवी मिळते. १९७६ साली गेन्स बिल्यू नावाच्या उद्योजकाने आपल्या जुन्या गाड्या कॉलेजला दिल्या, त्यातून हा अभ्यासक्रम उभा राहिला. मुलं इंजिन उघडतात, पत्रा ठोकतात, गादीकाम शिकतात. २०२३ ला जुन्या गाड्यांच्या पेबल बीचच्या स्पर्धेत त्यांनी तयार केलेली १९५३ ची मर्सिडीझ आपल्या वर्गात दुसरी आली, आणि तिथे पैशांच्या राशी ओतणारे संग्राहक उतरतात. ते गाड्यांचं दान घेतात. तुमचे सासरे इंजिनिअर होते, त्यांची गाडी विद्यार्थ्यांच्या हाताखाली जावी यासारखं दुसरं काय हवं?

जमाखर्च
मुक्काम, पर्याय चांगला आहे. कराच्या बाजूनेही, कारण शिकवण्यासाठी खरोखर वापरली तर पूर्ण बाजारमूल्य मिळू शकतं. फक्त लेखी घ्यायला हवं की गाडी वापरणार आहोत, लगेच विकणार नाही. पाच हजारांच्या वरची वस्तू संस्थेने तीन वर्षांच्या आत विकली तर तिला फॉर्म ८२८२ भरून आयआरएसला (इथल्या कर खात्याला) कळवावं लागतं आणि दात्याच्या वजावटीचा प्रश्न पुन्हा निघू शकतो.

रानवारा
मी कोल्हापुरातून वाचतोय. धागा अप्रतिम चाललाय. बाळबोध प्रश्न असेल, पण ही गाडी भारतात आणता येत नाही का? सांगलीच्या माणसाची गाडी सांगलीत आली तर आम्ही बघायला जाऊ! इकडे जुन्या गाड्यांसाठी आता 'व्हीए' मालिकेचे वेगळे नंबर मिळतात.

ठाकठोक
रानवारा, ५० वर्षांवरच्या गाड्यांना तो नंबर मिळतो हे बरोबर, नियम २०२१ चा आहे. पण जहाजाचं भाडं आणि सीमाशुल्क मिळून गाडीच्या किमतीपलीकडे जाईल, स्टिअरिंग डावीकडे आणि काचेच्या एका रबरासाठीही अमेरिकेवर अवलंबून. मुळात यातून हॉस्पिसला काहीच मिळणार नाही.

जमाखर्च
आणि भारतातल्या वाचकांसाठी: तिकडे आयकरात वस्तूच्या दानाला वजावटच नाही, फक्त पैशांच्या. गाडी, कपडे, धान्य दिलं तर पुण्य मिळेल, सूट नाही.

ओवी
सगळ्यांचे आभार. या आठवड्यात बरंच घडलं.

चाफाताई, हॉस्पिसला फोन केला. निधी विभागातल्या बाई फार मोकळेपणाने बोलल्या. मधली कंपनी आहे, खर्च वजा जाऊन उरलेल्यातला ठरलेला हिस्सा त्यांना मिळतो, आणि बहुतेक गाड्यांमागे त्यांच्या हाती येते ती रक्कम काही शे डॉलरच असते. मी गाडी कोणती ते सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, शक्य असेल तर तुम्हीच विका आणि आम्हाला चेक द्या. रात्रपाळीच्या नर्सच्या पगारासाठी त्यांना रोख पैसा लागतो, हेही म्हणाल्या.

मग सासूबाईंशी बसून बोललो. मॅकफर्सन कॉलेजबद्दल त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना आवडलं, पण त्या ठाम आहेत. म्हणाल्या, 'मुलं शिकतील ते चांगलंच, पण रात्री तीन वाजता फोन केला की जी मुलगी यायची, तिच्यासाठी मला द्यायचंय.' गाडी कुणाकडे जाते याचं त्यांना फारसं वाटत नाही, पैसा कुठे जातो याचं वाटतं. नवऱ्यालाही पटलं. तर आम्ही विकतोय आणि पूर्ण रक्कम हॉस्पिसला देतोय. घर मेमध्ये बाजारात लावायचं आहे, गाडी त्याआधी आमच्या गॅरेजमध्ये आणू, म्हणजे एडिसनकर म्हणतात तशी घराची विक्री अडणार नाही.

आता दोन प्रश्न. टायटल बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे. आणि विकल्यावर नफ्यावर कर लागेल का? त्यांनी फार स्वस्तात घेतली होती.

जमाखर्च
टायटल आधी सासूबाईंच्या नावावर करून घ्या. तुमच्याकडे ते सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होतं. प्रोबेट (वारशाची कोर्टातली प्रक्रिया) झालं नसेल तर वारसाने भरायचा साधा फॉर्म आहे, सोबत मृत्यूचा दाखला. आणि कुणीही, दलाल असो वा दान घेणारा, 'खरेदीदाराची जागा कोरी ठेवून सही करा' म्हणाला तर करू नका. विकताना नंबर प्लेट काढून ठेवा, मिशिगनमध्ये ती मालकाची असते.

नफ्याची काळजी नको. गाडी वारशाने आली, त्यामुळे मूळ किंमत म्हणून सासऱ्यांनी दिलेले पैसे धरत नाहीत, त्यांच्या मृत्यूच्या दिवशीचं बाजारमूल्य धरतात. वर्षभरात भाव फारसा हलला नसेल, म्हणून नफा जवळपास नाहीच. पण ते बाजारमूल्य काय होतं याचा कागद हवा, त्यासाठी आता एक मूल्यांकन करून घ्याच.

समजा गाडी वीस हजारांना गेली आणि सासूबाईंनी वीस हजारांचा चेक दिला. आता ते रोख दान झालं, १०९८-सीची भानगड नाही, हॉस्पिसची लेखी पोच पुरते. वीस हजार आणि घराचा मालमत्ता कर धरला की खर्च मांडून वजावट घेणं त्यांना परवडू शकतं. २०२६ पासून एक बदल आहे: उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान मोजत नाहीत. साठ हजार उत्पन्नावर पहिले ३०० डॉलर सोडायचे, एवढंच. विक्री आणि चेक एकाच कॅलेंडर वर्षात होऊ द्या.

मुक्काम_शिकागो
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

विकायला लिंकन अँड कॉन्टिनेन्टल ओनर्स क्लबपासून सुरुवात करा. १९५३ पासूनचा क्लब आहे, सभासदांना गाडीचं काय बघायचं ते माहीत असतं आणि ते उगाच घासाघीस करत नाहीत. ही विक्री हॉस्पिससाठी आहे हे जाहिरातीत जरूर लिहा. भाव किती धरायचा याच्या अंदाजासाठी जुन्या गाड्यांचा विमा उतरवणाऱ्या हॅगर्टी कंपनीचं किंमतपत्रक बघा, पण तुमच्या गाडीची अवस्था प्रामाणिकपणे खालच्या श्रेणीत धरा.

ठाकठोक
सासूबाईंचा निर्णय मला शंभर टक्के पटला.

आता कामाचं. रंग मारू नका, चामडं बदलू नका, विकत घेणाऱ्याला मूळ अवस्थाच हवी असते. पैसा घालायचाच तर तीन ठिकाणी: टाकी आणि पेट्रोलच्या नळ्या साफ, ब्रेक आणि त्यांचं तेल, नवी बॅटरी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ते बघून ठेवा, जुने असतील तर जाहिरातीत सांगून टाका. इंजिन सुरू होताना, गिअर पडताना आणि चारही काचा वर-खाली होताना असा एक अखंड व्हिडिओ काढायचा. काचांच्या मोटारी या गाडीत हमखास रुसतात आणि घेणारा पहिली तीच विचारणा करतो. खालच्या बाजूचे फोटोही टाका, विशेषतः मागच्या चाकांजवळचे. गंज असेल तर तिथे.

मी येत्या शनिवारी सकाळी मोकळा आहे. तुमची हरकत नसेल तर येऊन गाडी खालून बघतो, तेल कुठून गळतंय ते शोधतो आणि पेट्रोल काढून देतो. पैसे नकोत.

एडिसनकर
ठाकठोक जातायत म्हटल्यावर माझी हरकत संपली. ओवीताई, गाडी विकली गेली की हॉस्पिससाठी माझाही छोटा चेक धरा.

ओवी
ठाकठोक, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. शनिवारी दहाला या, बाबांचा जॅक आणि स्टँड गॅरेजमध्येच आहेत. पेट्रोल साठवायला डबे लागतील का ते कळवा, शुक्रवारी आणून ठेवते. सासूबाई थालीपीठ करणार आहेत, तेव्हा नाश्ता करून येऊ नका.